न्यूझीलंडचा पाइन, उरुग्वेचा पाइन आणि घनफुटाचा भाव : खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
खरेदी व निर्यात विभागप्रमुख,
चाकण, तळेगाव, भोसरी आणि रांजणगाव परिसरातील कारखाने

सप्रेम नमस्कार,

निर्यातीच्या पॅलेटसाठी आणि खोक्यांसाठी तुमच्याकडून जी चौकशीपत्रे निघतात, त्यांत लाकडाच्या रकान्यात बहुधा एवढेच असते : ‘न्यूझीलंड पाइन किंवा समतुल्य’. हा समतुल्य माल आता अनेकदा उरुग्वेचा असतो. तुमच्या तक्त्यात दोन्हींचे घनफुटाचे भाव शेजारी शेजारी बसतात, थोड्या रुपयांच्या फरकावर ऑर्डर ठरते, आणि पुढे पॅलेट पिळवटली किंवा परदेशी बंदरात खोक्यावर बुरशी दिसली की पुरवठादाराला खडसावणारे पत्र येते. लाकूड चिरणारे आणि पॅकिंग बनवणारे म्हणून आमचे म्हणणे असे, की हे दोन देश ओंडके वेगळ्या कारणांनी, वेगळ्या वाटांनी आणि बरेचदा वेगळ्या मापांत विकतात. ते लक्षात न घेता मांडलेले भाव एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे नसतात.

न्यूझीलंडकडे सुमारे १७-१८ लाख हेक्टर लागवडीची जंगले आहेत आणि त्यांतली जवळपास ९० टक्के झाडे एकाच जातीची, पायनस रेडिआटा. हे झाड मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे. न्यूझीलंडमध्ये ते २५ ते ३० वर्षांत तोडणीला येते. देशाची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहूनही कमी, त्यामुळे तोडलेल्या लाकडातले निम्म्याहून अधिक ओंडक्यांच्या रूपातच टौरंगा, मार्सडेन पॉइंट, गिस्बर्न, नेपियर अशा बंदरांतून बाहेर जाते. रशियाने १ जानेवारी २०२२ पासून सॉफ्टवूडच्या, म्हणजे पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या, ओंडक्यांची निर्यात बंद केली. न्यूझीलंड त्याच्या आधीपासूनच या मालाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार होता, त्यानंतर तर त्याच्या जवळपास कोणी उरले नाही.

पण या निर्यातीतला सिंहाचा वाटा चीनचा आहे, साधारण पाचांतले चार ओंडके किंवा त्याहूनही जास्त. चीनमध्ये बांधकाम जोरात असले की स्लॅबच्या फळ्यांसाठी आणि पॅकिंगसाठी लाकूड उचलले जाते. तिथल्या बंदरांवर साठा तुंबला की न्यूझीलंडच्या धक्क्यावरचा भाव पडतो आणि खासगी मालकीच्या छोट्या जंगलांत तोडणी थांबते. भारत या बाजारात छोटा गिऱ्हाईक आहे. म्हणून गुजरातच्या कांडला बंदरात उतरणाऱ्या रेडिआटाचा भाव पुण्यातल्या मागणीवरून ठरत नाही, चीनच्या बंदरांवर किती ओंडके पडून आहेत त्यावरून ठरतो. तुमच्याकडचे वार्षिक दरकरार मधेच कोलमडतात ते यामुळे.

उरुग्वेची गोष्ट वेगळी. तिथे १९८७च्या वनकायद्याने गवताळ जमिनींवर झाडे लावायला सवलती दिल्या आणि आज सुमारे दहा लाख हेक्टर लागवड उभी आहे. मात्र तिच्यातला मोठा भाग निलगिरीचा, कागदाच्या लगद्यासाठी. फ्राय बेंतोसचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला, पासो दे लोस तोरोसजवळचा २०२३ मध्ये. हे कारखाने निलगिरीवर चालतात, पाइनवर नाही. पाइन आहे तो मुख्यतः देशाच्या उत्तरेला, रिव्हेरा आणि ताकुआरेंबो या विभागांत, आणि त्यात प्रामुख्याने पायनस टेडा, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला लॉबलॉली पाइन. स्थानिक सॉ मिल आणि प्लायवूडचे कारखाने तो सगळा खपवू शकत नाहीत. उरलेला ओंडका शेकडो किलोमीटर ट्रकने दक्षिणेला मोंतेव्हिदेओ बंदरात येतो; रिव्हेराहून हे अंतर ५०० किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे न्यूझीलंडमध्ये ओंडक्यांची निर्यात हाच मुख्य धंदा आहे, तर उरुग्वेत पाइनच्या ओंडक्याची निर्यात ही देशात न खपलेल्या मालाला शोधलेली वाट आहे. इंधन महागले किंवा तिथे नवी चिराई उभी राहिली, तर ही वाट चटकन अरुंद होऊ शकते. उरुग्वेचा पुरवठा कायमचा धरून पाच वर्षांचे पॅकिंग ठरवू नका.

आता तुमच्या तक्त्यात जिचा उल्लेखही नसतो, पण जिच्यामुळे न्यूझीलंडच्या जागी उरुग्वेचा माल वाढला, ती गोष्ट. फ्युमिगेशन, म्हणजे कीड मारण्यासाठी दिलेली विषारी वायूची धुरी.

भारताच्या २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बाहेरून येणाऱ्या ओंडक्यांना मिथाइल ब्रोमाइडची धुरी किंवा उष्णतेची प्रक्रिया लागते. धुरीचे प्रमाण २१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला दर घनमीटरला ४८ ग्रॅम, २४ तास. उष्णतेची प्रक्रिया करायची तर लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे टिकले पाहिजे. चिरलेल्या फळीला हे सहज जमते. ३०-३५ सेंटीमीटर जाडीच्या ओल्या ओंडक्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला इतका वेळ आणि इंधन लागते, की व्यापारात कोणी त्या वाटेला जात नाही. राहिले मिथाइल ब्रोमाइड.

हा वायू ओझोनचा थर खातो. १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने बंद झाला, पण कीड रोखण्यासाठी मालाला दिल्या जाणाऱ्या धुरीला सूट राहिली. न्यूझीलंडच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये नियम आवळले. धुरीनंतर ताडपत्रीखालचा वायू हवेत न सोडता परत पकडायचा, आणि जहाजाच्या खणात मिथाइल ब्रोमाइड सोडायला १ जानेवारी २०२३ पासून पूर्ण बंदी.

याचा अर्थ कळण्यासाठी ओंडक्यांचे जहाज कसे भरते ते पाहा. एका जहाजात साधारण ३० ते ४० हजार घनमीटर माल येतो. मोठा भाग खालच्या खणांत, उरलेला डेकवर खांबांच्या आधाराने रचलेला. डेकवरचे ओंडके आधी धक्क्यावरच ताडपत्रीखाली धुरी देऊन किंवा साल पूर्ण काढून चढवता येतात. खणातल्या ओंडक्यांना चीन प्रवासातच फॉस्फीन वायू दिलेला चालवून घेतो. भारताच्या नियमात मिथाइल ब्रोमाइड लिहिलेले, आणि न्यूझीलंडने नेमके तेच खणात वापरायला मनाई केलेली. दोन देशांचे नियम एकमेकांत अडकले आणि न्यूझीलंडहून भारताकडे येणारा ओघ तेव्हा एकदम आटला. कांडल्याजवळच्या गांधीधामच्या सॉ मिलना दुसरा पाइन शोधावा लागला. उरुग्वेचा माल आधीपासून येत होताच, पण त्याला मोकळी जागा मिळाली ती इथे.

उरुग्वेच्या मालाचा बराचसा भाग कंटेनरमधून येतो. कंटेनर हा बंद डबा असल्याने त्यात धुरी देणे आणि वायूचे प्रमाण मोजणे जहाजाच्या खणापेक्षा सोपे. अडचण वेगळी असते. ताज्या पाइनच्या ओंडक्याचे वजन दर घनमीटरला ९०० ते १००० किलो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये जागा ७० घनमीटरच्या आसपास असली तरी २५-२७ टनांवर वजनाची मर्यादा लागते. जागा रिकामी राहते, भाडे पूर्ण लागते. म्हणून निर्यातदार कंटेनरमध्ये जाड ओंडके भरायला बघतो, आणि कंटेनरचे भाडे वाढले की उरुग्वेचा भाव न्यूझीलंडच्या भावापेक्षा आधी उसळतो. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रातली वाहतूक विस्कटल्यावर हे दिसले. खरे तर या दोन्ही देशांहून भारताकडची सरळ वाट सुएझमधून जात नाही. पण कंटेनर जगभर एकाच साखळीत फिरतात, त्यामुळे भाडे सगळीकडेच चढले. सुट्या मालाच्या जहाजांना त्याची झळ तुलनेने कमी बसली.

मापाकडे वळतो. इथे थोडा वेळ द्याच, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

न्यूझीलंडचा निर्यातीचा ओंडका जपानी जेएएस पद्धतीने मोजतात. बारीक टोकाचा सर्वांत कमी व्यास घ्यायचा आणि तो खालच्या सम आकड्यावर आणायचा. सहा मीटरच्या आतल्या ओंडक्याला व्यासाचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,०००. व्यास सेंटीमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये. एक ओंडका घ्या, लांबी ५.८ मीटर, बारीक टोक बरोबर ३० सेंटीमीटर. ३० गुणिले ३० गुणिले ५.८, भागिले १०,०००, म्हणजे ०.५२२ घनमीटर. शेजारचा ओंडका तितकाच लांब, पण टोक २९.५ सेंटीमीटर. तो २८ धरला जातो आणि माप येते ०.४५५. अर्ध्या सेंटीमीटरने कागदावरचे लाकूड १३ टक्क्यांनी घटले. प्रत्यक्षात दोन्हींत लाकूड जवळपास सारखेच आहे : बुंध्याकडे मीटरमागे एक सेंटीमीटर जाडी वाढते असे धरले, तर पहिल्यात साधारण ०.४९ घनमीटर आणि दुसऱ्यात ०.४८. पहिला ओंडका घेणाऱ्याने कागदावर जास्त माप विकत घेतले, दुसरा घेणाऱ्याला फुकट लाकूड मिळाले.

ढिगात हजारो ओंडके असतात, त्यामुळे सरासरी जुळते हे मान्य. पण ती सरासरी ग्रेडवर अवलंबून असते. ए ग्रेडचा ओंडका जाड आणि कमी गाठींचा, मग के, मग केआय, आणि केआयएस सगळ्यात बारीक व गाठाळ. ग्रेड बदलला की जेएएस माप आणि प्रत्यक्ष लाकूड यांचे गुणोत्तर बदलते आणि चिराईचा उतारा, म्हणजे ओंडक्यातून निघणाऱ्या फळ्यांचे प्रमाण, तर त्याहून जास्त बदलतो. कंटेनरचा माल वजनावर घेतला असेल तर आणखी एक चल वाढतो : ओलावा. तोडून महिनाभर पडलेला ओंडका हलका होतो, तेवढ्याच टनांत लाकूड जास्त येते. शिवाय आपल्याकडच्या काही वखारींत सागवानासाठी चालत आलेले हॉपस माप (घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी) अजून वापरात आहे. त्यात खरा घनफूट हॉपस घनफुटापेक्षा लहान असतो. एक हॉपस फूट म्हणजे १.२७३ खरे घनफूट.

म्हणून ओंडक्याच्या भावावरून पॅलेटच्या भावाचा अंदाज बांधणे सोडून द्या. तुम्ही विकत घेता ते चिरलेले, सुकवलेले लाकूड. एक घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट, आणि ते फळीच्या प्रत्यक्ष जाडीवर मोजायचे. २२ मिलिमीटर मागितले आणि १९ मिळाले, तर दर घनफुटाला कितीही कमी लावला असला तरी जवळपास १४ टक्के लाकूड गायब आहे. माल उतरवताना व्हर्नियर कॅलिपर घेऊन दहा फळ्यांची जाडी तपासायला पाच मिनिटे लागतात.

लाकडाच्या स्वभावातही फरक आहे. ओंडक्याचा कापलेला चेहरा पाहिला की तो कळतो. रेडिआटाच्या वाढीच्या कड्या रुंद, आणि फिकट व गडद पट्ट्यांतला फरक सौम्य. रंधा आणि खिळा दोन्ही सरळ जातात. टेडामध्ये गडद पट्टी कडक आणि ठळक, राळ जास्त. खिळा त्या पट्टीवर आला की वळतो किंवा फळी टोकाला चिरते. टेडा वाईट लाकूड आहे असे मुळीच नाही, भार पेलायला ते चांगले आहे. पण त्याला टोकापासून थोडा आत आणि बोथट टोकाचा खिळा लागतो, आणि काठावरच्या खिळ्यांसाठी आधी भोक पाडणे उत्तम. रेडिआटाच्या पॅलेटचे ड्रॉइंग तसेच्या तसे टेडाला लावले की टोकाच्या फळ्या फुटतात. दोष लाकडाचा नसतो.

दोन्ही जातींना लागू असलेली खरी डोकेदुखी म्हणजे झाडाच्या मध्याभोवतीच्या पहिल्या दहा-एक कड्या. झाड कोवळे असताना तयार झालेले हे लाकूड सुकताना लांबीतही आक्रसते आणि पीळ घेते. झटपट वाढलेल्या, लवकर तोडलेल्या झाडात त्याचा वाटा जास्त. पॅलेटच्या खालच्या रनरमध्ये, म्हणजे लांब आधारपट्टीत, मध्याचा ठिपका दिसत असेल तर तो तुकडा ठोकळ्यासाठी वापरायला सांगा, लांब रनरसाठी नको. एवढी एक अट चौकशीपत्रात आली तरी पिळवटण्याच्या निम्म्या तक्रारी कमी होतील असे आमचे मत आहे.

निळ्या डागांबद्दल तुमच्यापैकी अनेकांचा गैरसमज आहे. पाइनच्या बाहेरच्या लाकडात उष्ण, दमट हवेत काही आठवड्यांत निळसर-करडी बुरशी शिरते. ओंडका कांडल्याच्या उन्हात पडून राहिला की ती येणारच. तिने ताकद फारशी घटत नाही. लाकूड नीट सुकलेले असेल तर निळा डाग असलेली पॅलेट घ्यायला हरकत नाही. नाकारायचे ते नख रुतेल इतके मऊ, कुजलेले लाकूड आणि पृष्ठभागावर जिवंत, पुसली जाणारी बुरशी, कारण ती ओलावा आहे याची खूण. डागावरून माल परत पाठवायचा आणि ओलावा मात्र मोजायचाच नाही, हे चुकीचे आहे.

तिथेच एचटी, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया झाल्याच्या, शिक्क्याचा प्रश्न येतो. आयएसपीएम १५ या पॅकिंगच्या लाकडासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटे पोचले की प्रक्रिया पूर्ण. त्यात लाकूड सुकते असे नाही. शिक्का खरा असूनही ओलावा ४० टक्के असू शकतो, आणि अशी पॅलेट यंत्रभागांसकट बंद कंटेनरमध्ये गेली की ओल बाहेर येते, छताला थेंब धरतात, स्टील गंजते. २० टक्क्यांच्या खाली बुरशी वाढत नाही. तुम्हाला एचटी आणि २० टक्क्यांखालचा ओलावा या दोन वेगळ्या अटी लिहाव्या लागतील, आणि दुसरीचे पैसेही द्यावे लागतील, कारण भट्टीचा वेळ वाढतो. पावसाळ्यात मावळ-तळेगावच्या बाजूला उघड्या शेडमध्ये लाकूड आपोआप सुकेल ही आशा धरू नका. मीटरची सुई फळीच्या टोकापासून किमान एक फूट आत आणि जाडीच्या एक तृतीयांश खोल घाला. वरवरचे वाचन बहुधा कमी दाखवते.

अजून एक वारंवार होणारा घोटाळा. ओंडका भारतात येताना झालेल्या धुरीचा दाखला काही निर्यात विभाग पॅलेटच्या प्रक्रियेचा पुरावा म्हणून फाइलला लावतात. तो चालत नाही. ती धुरी भारतातल्या झाडांना परदेशी किडीपासून वाचवण्यासाठी होती. तुमच्या पॅलेटवर मान्यताप्राप्त प्रक्रियाकेंद्राचा शिक्का हवा : गव्हाच्या कणसाचे आयपीपीसी (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार) चिन्ह, देशाची खूण, केंद्राचा क्रमांक आणि एचटी किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइड). साल काढलेली हवी. तीन सेंटीमीटरपेक्षा अरुंद सालीचा तुकडा कितीही लांब असला तरी चालतो. त्याहून रुंद असेल तर प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटीमीटरच्या आत हवे. पॅलेट दुरुस्त करताना नवी फळी लावली तर तिच्यावरही प्रक्रिया झालेली हवी.

तुमच्यातले जे विश्लेषक सीमाशुल्काच्या आकड्यांवरून या दोन देशांचे तक्ते बनवतात, त्यांना थोडक्यात. ओंडक्यांसाठीचा ४४०३ हा संपूर्ण सीमाशुल्क क्रमांक घेऊ नका, त्यात सागवान आणि निलगिरीही येते. पाइनसाठी ४४०३२१ आणि ४४०३२२ पाहा. हे क्रमांक २०१७ पासूनचे आहेत, त्याआधीच्या वर्षांशी सरळ रेषेत जोडू नका. न्यूझीलंडचा निर्यातीचा आकडा बंदरावरच्या किमतीचा, आपला आयातीचा भाडे आणि विमा धरून. आपले वर्ष एप्रिलपासून, आणि मार्चमध्ये निघालेले जहाज पुढच्या आर्थिक वर्षात उतरते. २०२० अखेरीपासून मे २०२३ पर्यंत चीनने ऑस्ट्रेलियन ओंडके बंद ठेवले होते, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा रेडिआटाही भारताकडे वळला. जात तीच, देश वेगळा. आणि याच तक्त्यात कॅनडा शोधू नका. ब्रिटिश कोलंबियात ओंडका आधी स्थानिक गिरण्यांना देऊ करावा लागतो आणि तो जास्तीचा ठरला तरच निर्यातीचा परवाना मिळतो, म्हणून आपल्याकडे ‘कॅनडा पाइन’ म्हणून जे विकले जाते ते सहसा चिरलेले लाकूड असते आणि वेगळ्या क्रमांकाखाली नोंदले जाते.

पुढच्या चौकशीपत्रासाठी आमची विनंती अशी. ‘समतुल्य’ हा शब्द काढा आणि जात लिहा, पायनस रेडिआटा की पायनस टेडा. दोन्ही चालत असतील तर दोन्हींचे वेगळे भाव आणि खिळ्यांची वेगळी मांडणी मागा. भाव चिरलेल्या, सुकलेल्या, प्रत्यक्ष जाडीच्या घनफुटाला मागा. ओलावा, मध्याच्या ठिपक्याची अट आणि निळ्या डागाबाबतची भूमिका स्पष्ट लिहा. वार्षिक दराऐवजी तिमाही फेरआढावा ठेवा, आणि कंटेनरने आलेल्या व जहाजाने आलेल्या मालासाठी तो वेगळा ठेवा. पावसाळ्यातल्या उचलीची मागणी एप्रिलअखेर कळवलीत तर भट्टीची पाळी लावता येते. जूनमध्ये आलेल्या घाईच्या ऑर्डरला २० टक्के ओलाव्याची हमी कोणी देत असेल, तर गाडी उतरवण्याआधी मीटर लावून पाहा.

आपले,
पुण्यातील लाकूड चिराई आणि निर्यात पॅकिंगच्या व्यवसायातले काही जण